परतीच्या तिकिटाचं कलम

इथिओपियातल्या सरकारी युनिव्हर्सिट्या परदेशी शिक्षकांशी जो करार करतात, त्यात परतीच्या तिकिटाचं एक कलम असतं. करार संपला की युनिव्हर्सिटीने इकॉनॉमी क्लासचं तिकीट काढून तुम्हाला तुमच्या देशात पोचवायचं, वर सामानासाठी थोडी रक्कम द्यायची. २०१४ साली दिल्लीत इंटरव्ह्यू देऊन तो करार घेऊन मी कोल्हापुरात आले, तेव्हा घरच्यांनी सगळ्यात आधी हेच कलम वाचलं. पगाराचा आकडा नंतर. कोल्हापुरातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर गणित शिकवून झालेलं, तासिकेचे पैसे दिवाळीला मिळणार की शिमग्याला याचा कधी पत्ता नसायचा. अशा बाईला कुणीतरी विमानाचं तिकीट काढून देणार, याचंच घरात कौतुक.

आता ओळखीतली बरीच मुलं-मुली शिकवायला बाहेर जातात. कुणी आफ्रिकेत, कुणी मालदीवला, कुणी ओमानला. जाण्याआधी फोन येतात. पगार किती उरतो, भाजीपाला मिळतो का, जोंधळा मिळतो का, इंटरनेट आहे का. परत कसं यायचं हे कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. माझा अनुभव २०१८ सालचा आहे. फॉर्म आणि फी बदलली असेल, कामाची चाल बदलली असेल असं वाटत नाही. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही. नैर्ऋत्येकडच्या कॉफीच्या मुलखातली, आदिस अबाबापासून बसने अख्खा दिवस लागेल एवढ्या अंतरावरची, एवढं पुरे.

पहिली गोष्ट तारखेची. इथिओपियाचं कॅलेंडर वेगळं आहे. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे नावाचा तेरावा महिना. नवीन वर्ष आपल्या ११ सप्टेंबरला लागतं, लीप वर्षाच्या आधी १२ ला, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं. मी हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा अधिक महिना दरवर्षीच येतो म्हण की." त्यांना ते लगेच पटलं. घड्याळही त्यांना पटलं, कारण तिथं तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ऑफिसातला माणूस "उद्या तीनला या" म्हणाला की आपण सकाळी नऊला जायचं. विमान कंपनी मात्र जगाच्या घड्याळाने चालते. तिकिटावर रात्रीचे दहा छापलेले असतील तर ते आपलेच दहा, पण तुम्हाला विमानतळावर सोडणाऱ्या बजाजवाल्याला ते "रात्रीचे चार" असं सांगावं लागतं. (तिथं रिक्षाला बजाजच म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव इतक्या लांब रोज ऐकायला मिळायचं.)

तर माझ्या करारावर शेवटची तारीख होती सेने ३०, २०१०. म्हणजे ७ जुलै २०१८. ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी, कारण इथिओपियाचं सरकारी आर्थिक वर्षसुद्धा सेने ३० लाच संपतं. हमले १, म्हणजे ८ जुलैला नवं बजेट. आपल्याकडं ३१ मार्चला ट्रेझरीत जे होतं, ते सगळं तिथं त्या आठवड्यात. आधीची बिलं उरकायची, वह्या बंद करायच्या आणि नवं बजेट हातात पडेपर्यंत एक पैसा हलवायचा नाही. आता गंमत बघा. करार संपल्याशिवाय क्लिअरन्स पूर्ण होत नाही, क्लिअरन्सशिवाय तिकिटाचं पत्र निघत नाही, आणि करार संपतो त्याच संध्याकाळी पैशाची खिडकी बंद होते. कलम कराराचं, पैसे बजेटचे, आणि दोघांची गाठ कुणी घालायची हे कुठंच लिहिलेलं नाही.

क्लिअरन्स म्हणजे एक कागद. त्यावर रकाने, प्रत्येक रकान्यात एका विभागाची सही. लायब्ररी, डिपार्टमेंट, रजिस्ट्रार, स्टोअर, कॉम्प्युटर सेंटर, क्वार्टर्स, फायनान्स, शेवटी मनुष्यबळ विभाग. सगळ्यात शेवटी रेकॉर्ड ऑफिसात जाऊन गोल शिक्का. त्या निळसर-जांभळ्या गोल शिक्क्याला तिथं जी किंमत आहे ती सहीला नाही. प्रेसिडेंटची सही असली आणि शिक्का नसला तर तो कागद पुड्या बांधायच्या लायकीचा.

सह्या मिळायला वेळ लागतो तो माणसं आडमुठी असतात म्हणून नव्हे. उलट माणसं फार गोड. एखाद्या ऑफिसात गेलं आणि तिथं कॉफीचा घाट चालू असला की बसावं लागतं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, निखाऱ्यावर धूप, एक बाई तव्यावर हिरवे दाणे भाजतेय, मग कुटून जेबेनात, म्हणजे काळ्या मातीच्या कॉफीच्या भांड्यात, उकळणार. चिनी मातीच्या बिनकानाच्या वाट्या. तीन फेऱ्या होतात, आणि पहिली पिऊन उठणं बरं दिसत नाही. मला त्या कॉफीची इतकी सवय झाली की आता इथला चहा गोड पाणी वाटतो, तो भाग वेगळा. पण सहीच्या दृष्टीने हिशेब असा की सकाळी एक, दुपारी एक. शुक्रवारी मशिदीत जाणाऱ्यांसाठी दुपारची सुट्टी लांब असते, त्यामुळं शुक्रवार अर्धाच धरायचा.

माझं घोडं अडलं ते स्टोअरमध्ये. मी रुजू झाले तेव्हा क्वार्टरमधल्या सामानाची पावती माझ्या नावावर फाडली होती: पलंग एक, गादी एक, टेबल एक, लाकडी खुर्च्या दोन. खुर्च्यांपैकी एक मधल्या काळात युनिव्हर्सिटीचीच माणसं परीक्षेच्या हॉलमध्ये घेऊन गेली होती, आणि परीक्षा संपून सेमिस्टरं उलटली तरी ती परत आली नव्हती. स्टोअरकीपर म्हणाला, "खुर्ची दाखवा, सही घ्या." त्याचंही बरोबर, त्याच्या वहीत दोन होत्या. मग मी आणि शिपाई परीक्षेच्या हॉलमागच्या शेडमध्ये गेलो. तिथं शेकडो खुर्च्या एकावर एक रचलेल्या, पावसाने भिजलेल्या, प्रत्येकीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगात क्रमांक. गणिताच्या बाईने आकडे वाचत फिरायचं. माझा क्रमांक सापडला, पण त्या खुर्चीचा एक पाय गेला होता. आम्ही ती तीन पायांची खुर्ची भर पावसात डोक्यावर घेऊन स्टोअरमध्ये आणली. स्टोअरकीपरने क्रमांक ताडून पाहिला, हसला, सही केली. पायाबद्दल काही बोलला नाही. वहीत पायांचा रकाना नव्हता.

तर सामान ताब्यात घेताना पावतीचा फोटो काढून ठेवा, आणि क्वार्टरमधनं कुणी काही नेलं तर नेणाऱ्याची सही घ्या. त्या वेळी ते फार कंजूषपणाचं दिसतं, दिसू दे.

या सगळ्यात हमले उजाडला. फायनान्समध्ये उत्तर एकच: नवं बजेट आलं की बघू. मी विचारलं कधी येईल? "इशी, नेगे." म्हणजे हो, उद्या. हा उद्या रोज नवा असतो.

मग पुढचा विचार डोक्यात आला: आपणच तिकीट काढावं, बिल नंतर पाठवावं. हा सल्ला मला इथनंही मिळाला. यजमानांचा उद्यमनगरात लेथचा वर्कशॉप आहे, व्यवहारी माणूस. म्हणाले, "काढून टाक की, पैसे येतील मागनं." पण शेजारच्या क्वार्टरमधल्या आंध्रच्या सरांनी निक्षून सांगितलं, मॅडम, देश सोडलेल्या माणसाच्या बिलाला तिथं कुणी वाली नसतो. तुम्ही समोर खुर्चीत बसलेल्या आहात तोवरच तुमचं काम होणार. मला हे शंभर टक्के पटलं. आपल्याकडं निवृत्त झालेला माणूस पेन्शनसाठी कुठल्या कुठं फिरतो ते आपण पाहतोच की. मी थांबले. राहण्याचा परवाना ऑगस्टअखेरपर्यंतचा होता, म्हणून थांबता आलं. तो संपत आला असता तर गोष्ट निराळी. परवान्याची मुदत टळली की दंड भरावा लागतो, आणि तो भरायला आदिसला जावं लागतं. करार कधी संपतो आणि परवाना कधी संपतो या दोन तारखांत निदान महिन्या-दीड महिन्याचं अंतर ठेवून घ्या, नूतनीकरणाच्या वेळीच.

थांबण्याच्या काळात आणखी एक काम झालं. राजारामपुरीतल्या आमच्या सीएंनी फोनवर विचारलं, नक्की कधी परत येणार? मला वाटलं सहज विचारतायत. पण एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त राहिलं की प्राप्तिकरासाठी त्या वर्षापुरते तुम्ही इथले रहिवासी ठरता. ऑगस्टमध्ये आले तर मार्चपर्यंत तेवढे दिवस सहज भरणार, म्हणजे एप्रिलपासनं तिथं मिळवलेला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागणार. भारत आणि इथिओपियात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्याचा फायदा घ्यायचा तर तिथं पगारातून कापलेल्या कराचा दाखला हातात हवा. तो मी फायनान्समधनं, शिक्क्यासकट, क्लिअरन्सच्या ओघातच घेतला. इथं आल्यावर तो मागवणं म्हणजे वर सांगितलं तेच.

पैशाचं थोडक्यात सांगते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बिरचं १५ टक्के अवमूल्यन झालं होतं, डॉलरला सत्तावीसच्या आसपास बिर पडत. डॉलरची टंचाई सगळ्या देशात. पगाराचा ठरलेला भाग बाहेर पाठवायची मुभा करारात असली तरी बँकेत रांग असते, आणि बिर देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आहे. नेले तरी कोल्हापुरात त्याचं करणार काय? शेवटच्या पगाराआधीच पैसे पाठवायचा अर्ज टाकून ठेवायचा आणि उरलेल्या बिरची खरेदी करायची. मी पांढऱ्या सुती शाली घेतल्या, नक्षीच्या किनारीच्या. सगळ्या जावा-नणंदांना पुरल्या.

हमले संपता संपता पत्र निघालं. तिकिटासाठी विमान कंपनीला युनिव्हर्सिटीने लिहिलेलं पत्र: या व्यक्तीला आदिसमार्गे मुंबईचं तिकीट द्यावे, पैसे आम्ही भरू. मी ते हातात घेतलं आणि नावावर नजर गेली. माझं नाव, यजमानांचं नाव, आणि पूर्णविराम. आडनाव गायब.

हे तिथं का होतं ते समजून घ्या. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि हवं तर आजोबांचं. आजोबांचं बऱ्याचदा गाळतात. आपल्याकडं बाईच्या नावात मधलं नाव नवऱ्याचं, शेवटी आडनाव. त्यांच्या हिशेबाने माझे यजमान माझे वडील झाले आणि आडनाव म्हणजे आजोबा, ते गळाले. रोजच्या व्यवहारात माझी काही हरकत नव्हती, विद्यार्थीसुद्धा नुसत्या नावानेच हाक मारतात. पण तिकिटावर चालत नाही. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात, नाव आणि मधलं नाव दुसऱ्या रकान्यात. तिकीट त्याच क्रमाने हवं. यजमानांचं नाव माझं आडनाव म्हणून छापलं गेलं असतं तर चेक-इनच्या काउंटरला कोण कुणाला समजावत बसणार?

पत्र बदलायचं म्हणजे पुन्हा टाइप, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. टाइप करणाऱ्या मुलीला मी पासपोर्टची झेरॉक्स दिली आणि कागदावर बाण काढून दाखवलं. ती म्हणाली, मग तुमच्या वडिलांचं नाव कुठं आहे? म्हटलं, ते लग्नात माहेरी राहिलं. तिला हे अजिबात आवडलं नाही. तिथल्या बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावतात, ती कितीतरी वेळ माझ्याकडं कीव आल्यासारखी बघत होती. पण पत्र बिनचूक टाइप केलं.

आता तिकिटाचं. युनिव्हर्सिटीचं पत्र आदिस ते मुंबई एवढ्यापुरतं असतं, आपल्या गावातनं आदिसला बसने जा, असा त्यांचा सर्वसाधारण समज. मी पत्रात आमच्या गावच्या विमानतळापासनंच लिहून घेतलं होतं, आणि काउंटरला सांगितलं की सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. कारण सामान. देशांतर्गत तिकीट वेगळं असलं की त्यावर देशांतर्गत वजनाचीच सवलत, ती कमी असते. एकाच तिकिटावर असलं की पहिल्या विमानापासनं आंतरराष्ट्रीय सवलत लागू होते. आम्हाला २३ किलोच्या दोन बॅगा होत्या. शिवाय बॅगांना थेट मुंबईचा टॅग लागतो, आदिसला उतरून ओझं ओढत दुसऱ्या टर्मिनलला जावं लागत नाही. आणि तिसरी, सगळ्यात मोठी सोय म्हणजे पहिलं विमान पावसामुळं अडकलं तर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची. जून ते सप्टेंबर तिथला पावसाळा, आमच्या गावची धावपट्टी सकाळी धुक्यात गडप. वेगळी तिकिटं काढून एक चुकलं की दुसरं बुडालं.

इथिओपियन एअरलाइन्सचं मुंबईला थेट विमान होतं, पाचेक तासांचं. आखाती देशांतून जाणारी तिकिटंही पाहिली, काही स्वस्त होती. पण मध्ये थांबा, वजन कमी, आणि पत्र यांच्याच नावाचं.

काउंटरवरच्या मुलाने तारीख दिली ८ ऑगस्टची रात्र. म्हणजे मुंबईत ९ ला सकाळी. मी घरी कळवलं. यजमान त्याआधी रोजच विचारत होते, "तू यायलीस कधी ते सांग की आधी, गाडीवाला रोज इचारालाय." मुंबई ते कोल्हापूर गाडीनेच यायचं ठरलं होतं. सकाळी उतरून कस्टम करून सीएसएमटीला कोयना गाठणं अवघड, महालक्ष्मी धरायची तर रात्रीपर्यंत बॅगा राखत बसायचं. त्या वर्षी उडान योजनेत मुंबई-कोल्हापूर छोटं विमान सुरू झालं होतं, पण ४६ किलो सामान आणि मी, दोघांना एकदम त्यात कोण घेणार.

तारीख कळवल्यावर फोनवर क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "अगं, ९ ला महाराष्ट्र बंद आहे."

जुलैच्या उत्तरार्धापासनं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं हे मला माहीत होतं. कोल्हापुरात दसरा चौकात ठिय्या चालू होता, चाकणला गाड्या जळाल्याच्या बातम्या तिथवर पोचल्या होत्या. पण क्रांती दिनाचा बंद माझ्या डोक्यात कुठून असणार, मी हमले-नेहासे या तिथल्या महिन्यांच्या कॅलेंडरात जगत होते. त्यांनी गाडीवाल्याला फोन लावून मला ऐकवला. तो म्हणाला, "दादा, ९ ला गाडी काढत न्हाई बघा. आमीच सगळी दसरा चौकात बसलोय. वहिनींना म्हणावं दोन दिवस उशिरा या, न्यायला मी सोता येतो."

मी परत काउंटरला गेले. मनात धाकधूक, कारण पत्र युनिव्हर्सिटीचं, तारीख बदलायला पुन्हा पत्र मागितलं तर पुन्हा टाइप, सही, शिक्का. त्या मुलाला म्हटलं, माझ्या राज्यात त्या दिवशी सगळे रस्ते बंद आहेत. त्याने मान वर करून विचारलं, "आंदोलन?" म्हटलं हो. तो ओरोमो समाजाचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओरोमियात, म्हणजे त्यांच्या प्रांतात, तीन दिवसांचा बंद पुकारला होता, रस्त्यांवर दगड आणि झाडं आडवी पडलेली, पाठोपाठ पंतप्रधानांचा राजीनामा आणि देशात आणीबाणी. आमच्या गावातही दुकानं बंद, मी घरात डाळ-तांदळावर दिवस काढलेले. त्याला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. "मग ९ ला नको, ८ लाही नको," असं म्हणत त्यानेच १० ऑगस्टची रात्र शोधली, बदलाचे थोडे पैसे घेतले, आणि नवा कागद काढून दिला. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत लवकर झालेलं काम ते हेच.

९ तारखेला मी क्वार्टरमध्ये बसून मोबाईलवर बातम्या बघत होते. पुण्यात चांदणी चौकात दगडफेक, अश्रुधूर. आमची गाडी नेमकी तिथनंच गेली असती.

सामान भरताना कॉफीचा मोह आवरावा लागतो. कॉफी हे त्या देशाला परकीय चलन मिळवून देणारं मुख्य पीक, त्यामुळं प्रवाशाला थोडीच नेता येते, आणि भाजलेली. विद्यार्थ्यांनी आणून दिलेली हिरव्या दाण्यांची पिशवी मी शेजारणीला दिली. जेबेना मात्र साडीत गुंडाळून हातातल्या बॅगेत घातला. वजन बाजारात कॉफीवाल्याच्या काट्यावर करून घेतलं. त्याने पैसे घेतले नाहीत, पण दोन्ही बॅगांचं वजन दुकानातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि यलो फीव्हरचं कार्ड. हे मी शेवटी लिहितेय, पण खरं तर ते सगळ्यांत आधी हवं. इथिओपिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात येणाऱ्याकडं लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, म्हणजे विमानाच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही. २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभरासाठी मानली जाते, पूर्वी दर दहा वर्षांनी घ्यावी लागे. मी जाण्याआधी मुंबईत घेतली होती, कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच असायचं. गंमत अशी की भारतातून तिथं जाताना ते कुणी मागत नाही, येताना मागतात. त्यामुळं जाताना लोक टाळतात. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल असतं. माझ्यापुढं एका बाईंचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत होतं, त्यांना बाजूला बसवलं. पुढं काय झालं ते पाहायला मी थांबले नाही.

बाहेर यजमान आणि गाडीवाला दोघंही होते. पाऊस होता, खोपोलीपर्यंत काही दिसत नव्हतं. वाटेत कराडला मिसळ खाल्ली आणि मला तिखट लागलं. यावर गाडीवाला किणीच्या टोलनाक्यापर्यंत हसत होता.

घरी आल्यावर एक काम उरलं होतं, अनुभवाच्या दाखल्याचं. युनिव्हर्सिटीचं पत्र इथिओपियन सालात निघतं. मी मागे लागून त्यावर दोन्ही साल घालून घेतली होती, आधी त्यांचं, खाली आपलं. सप्टेंबरात इथल्या एका कॉलेजात जागा निघाली, अर्ज द्यायला गेले. हेडक्लार्क जुने ओळखीचे. त्यांनी चष्मा वर केला, पत्राची वरची ओळ वाचली: मेस्केरेम २००७ ते सेने २०१०. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, २००७ साली तर तुम्ही आमच्याकडंच तासिकेवर होता की! मस्टरवर सह्या हायत तुमच्या."

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती वाचली, परत वरची वाचली, आणि पत्राची झेरॉक्स काढताना खालच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून घेतली.